पदवीविना संगणकक्षेत्रात : आपण मुलींना नेमकं काय देतो?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राचा विषय 'मुली आणि रोजगार' असा मोठा आहे. मी त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. कॉलेजची पदवी नसलेल्या मुलीला संगणकाच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'आयटी' म्हणतो त्या क्षेत्रात शिरता येतं का? येत असेल तर कसं? आणि त्यात आपल्यासारख्या संघटनांनी काय करायचं? मी संगणकाची तज्ज्ञ नाही. समाजकार्य शिकून वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे जे सांगेन ते वस्तीत पाहिलेलं आणि बरंचसं चुकत चुकत शिकलेलं आहे.

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करते. हडपसरच्या ज्या वस्तीत आम्ही काम करतो, तिथून मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती दिसतात. वस्तीतल्या कितीतरी बायका तिथे ठेकेदारामार्फत साफसफाईला जातात. त्यांच्या मुलींना विचारलं, काय व्हायचंय, तर त्या त्या इमारतींकडे बोट दाखवतात. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही संगणकवर्ग सुरू केला. देणगीतून जुने संगणक मिळवले, एमएससीआयटीची फी भरायला मदत केली. आठ मार्चच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटली आणि फोटो अहवालात छापले.

त्यातली एक मुलगी बारावी झालेली होती, हुशार होती. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ती तीन-चार कंपन्यांच्या गेटपर्यंत जाऊन आली. वॉचमनच्या पुढे तिला जाता आलं नाही. मग एका दुकानात ती बिलं करायला लागली आणि वर्षभरात तिचं लग्न ठरलं. स्थळांना द्यायला जो बायोडाटा केला होता त्यात लिहिलं होतं, 'शिक्षण : बारावी, एमएससीआयटी.' तिनेच तो मला दाखवला आणि म्हणाली, "ताई, कुठंतरी उपयोग झाला बघा." ती हसत म्हणाली, पण मला ते वाक्य अजून टोचतं.

आधीच्या काळात संस्था बायकांना शिलाई मशीन देत, पापड-लोणची शिकवत. बाईला घरातच ठेवणारं प्रशिक्षण म्हणून आपण त्यावर टीका केली. आमचा संगणकवर्ग त्याहून वेगळा कुठे होता? मशीन बदललं होतं, एवढंच. एमएससीआयटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती संगणकाची अक्षरओळख आहे, आणि अनेक सरकारी पदांसाठी ती लागतेही. पण अक्षरओळख झालेल्या बाईला आपण 'जा, आता वर्तमानपत्रात नोकरी कर' असं सांगत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच केलं.

दुसरी गोष्ट अशी की, पदवी नसणं हा काही योगायोग नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेलं होतं. त्याच पाहणीत इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के होत्या आणि पुरुष ६१.५ टक्के. म्हणजे मुलीचं शिक्षणही मध्येच तुटतं आणि यंत्रही तिच्या हाती उशिरा येतं. घरात एक मोबाईल असेल तर तो भावाच्या खिशात असतो. मुलगी मागते तेव्हा 'कुणाशी बोलायचंय?' हा प्रश्न आधी येतो.

कुणी म्हणेल, आता तर मुलींचं शिक्षण मोफत झालं आहे. २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क राज्य सरकारने माफ केलं, ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या मुलीला पदवी घेता येत असेल तिने ती घ्यावीच. पदवीची गरज नाही असं सांगायला मी उभी नाही. पण बसचं भाडं, वसतिगृह, घरच्या धुण्याभांड्याला लागणारे हात आणि तीन-चार वर्षं न कमावता राहण्याची मुभा, हे कुठल्याही आदेशाने माफ होत नाही. ज्या मुली इथेच अडतात त्यांच्याविषयी मी बोलते आहे.

मग त्यांना वाट आहे का? आहे. एक नाही, तीन-चार आहेत. आपल्याच कार्यकर्त्यांना त्या नीट माहीत नसतात, म्हणून सांगते.

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' म्हणून ओळखला जाणारा एक वर्षाचा ट्रेड असतो. त्यात संगणक चालवण्याबरोबर प्रोग्रॅमिंगची तोंडओळख होते. आपल्या राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. दुसरी वाट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक पदविकेची. ती घेतलेल्या मुलीला पुढे जमलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दार बंद होत नाही. तिसरी वाट नोकरी करता करता शिकण्याची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं. चौथी वाट निवासी प्रशिक्षणाची. २०१६ साली सुरू झालेली 'नवगुरुकुल' ही संस्था गरीब घरच्या मुलींना आपल्याकडे ठेवून, फी न घेता प्रोग्रॅमिंग शिकवते. आणि स्वतःहून शिकणारीसाठी मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे धडे आहेत. ते फुकट आहेत आणि त्यातले बरेचसे मराठीतूनही ऐकता येतात.

पदवीशिवाय या क्षेत्रात शिरता येतं का, असं कुणी विचारलं तर मी स्टेफनी शर्ली या बाईंची गोष्ट सांगते. १९३९ साली, पाच वर्षांच्या असताना, नाझींच्या तावडीतून वाचवून आणलेल्या मुलांबरोबर त्या इंग्लंडला पोहोचल्या. अठराव्या वर्षी, १९५१ साली, त्या टपालखात्याच्या संशोधनकेंद्रात कामाला लागल्या. तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग करून त्यांनी गणिताची पदवी नंतर घेतली. १९६२ साली त्यांनी घरबसल्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली आणि मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायकांना कामावर घेतलं. बाईच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या! त्यांच्या पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष फक्त ३ होते. २०२५ साली त्या वारल्या.

शर्लीबाई असामान्य होत्या, हे खरं. पण त्यांच्या कंपनीतल्या शेकडो बायका तुमच्याआमच्यासारख्या घरसंसारातल्या होत्या. त्यांना नुसतं शिक्षण मिळालं नाही, काम मिळालं. त्यांच्या घरच्या वेळापत्रकाकडे बघून कामाची रचना झाली. आमच्या वर्गात नेमकं हेच राहून गेलं होतं.

हे लक्षात आल्यावर आम्ही पद्धत बदलली. आमच्याकडे एक मुलगी होती. दहावी, मग आयटीआयचा कोपा, मग एका ठेकेदाराकडे डेटा एन्ट्री. तिला प्रमाणपत्र दिलं नाही. एक जुना लॅपटॉप दिला आणि संध्याकाळी दोन तास कार्यालयात बसायला जागा दिली. घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं होती. सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम, म्हणजे टेस्टिंग, करणाऱ्या एका मैत्रिणीला आम्ही दर रविवारी तिच्यासोबत बसायची विनंती केली. दीड वर्ष लागलं. मधे दोनदा तिने सोडून दिलं. एकदा स्थळ आलं म्हणून आणि एकदा भावाने 'रात्री कुठे बसते?' म्हणून आरडाओरडा केला म्हणून. तेव्हा आम्ही दोघी-तिघी तिच्या वडिलांकडे जाऊन बसलो. संगणकाबद्दल अक्षरही न बोलता तासभर फक्त वेळेबद्दल बोललो. शेवटी ते म्हणाले, "आठला घरी सोडत असाल तर बसू द्या." आज ती एका लहान कंपनीत टेस्टिंग करते. शेजारी बसणाऱ्या पदवीधर मुलापेक्षा तिला पगार कमी आहे आणि काम तेवढंच. म्हणजे लढाई संपली नाही, पण ती आता लढाईच्या आत आहे.

या कामातून तीन गोष्टी आम्हाला कळल्या.

पहिली : पदवी नसलेल्या मुलीला केलेलं काम दाखवावं लागतं. लहानशी पण चालणारी वेबसाइट, हिशेबाचा प्रोग्रॅम, सापडलेल्या चुकांची नीट लिहिलेली यादी, असं काहीतरी हातात हवं. आणि ती गेटवर एकटी जाऊन उपयोग नाही. आत काम करणाऱ्या कुणीतरी तिचं नाव सांगावं लागतं. पदवीधरांना कॉलेजमुळे ओळखी आयत्या मिळतात. आपल्या मुलींना त्या आपण मिळवून द्यायच्या. साधं इंग्रजीही हवं. चूक काय आहे ते चार वाक्यांत लिहिता आलं पाहिजे, फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं.

दुसरी : फसवणूक ओळखायला शिकवा. 'नोकरीची हमी' देऊन कर्ज काढायला लावणारे क्लास आहेत. 'घरबसल्या डेटा एन्ट्री' म्हणून आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग कामात चुका काढून वकिलाच्या नोटिशीची भीती घालतात. आमच्याकडे अशा नोटिशीने रडकुंडीला आलेल्या बायका येतात. नोकरीसाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो, हे वस्तीच्या फलकावर लिहून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका. न वाचता बॉण्डवर सही करू नका.

तिसरी : नोकरी लागली की आपलं काम संपत नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर कंपनीच्या कामाला लावलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला, हे आपण विसरलेलो नाही. आज राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या अटी आहेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपल्या मुली बहुतेक लहान कंपन्यांत आणि ठेकेदाराकडे लागतात, म्हणून ही दुसरी समिती त्यांना माहीत असलीच पाहिजे. पदवी नसलेल्या मुलीला सतत वाटत असतं, आपल्याला उपकार म्हणून ठेवलंय, तक्रार कशी करायची? हा धाक घालवणं संगणकाच्या धड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आता साधी नोंदणी, साधे प्रोग्रॅम पटापट करतात. ज्या खालच्या पायरीवरून आपल्या मुली चढायच्या, तीच झिजते आहे. म्हणून नुसत्या टायपिंगच्या भरवशावर मुलींना ठेवणं आता अन्याय होईल. यंत्राने केलेलं बरोबर आहे का, हे तपासायला आणि प्रश्न विचारायला त्यांना शिकवावं लागेल. आणि प्रत्येकीला नोकरी लागेल असं खोटं आश्वासन आपणही देता कामा नये.

शेवटी माझी सूचना. आपल्या संघटनांकडे काम आहे. बचत गटांचे हिशेब आहेत, सभासदांच्या याद्या आहेत, अंकाची वर्गणी आहे. ते आपण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतो किंवा कार्यकर्ती रात्री जागून करते. यापुढे ते काम आपल्याच वर्गातल्या मुलींना द्या, आणि मोबदला देऊन द्या. फुकट काम ही बाईच्या आयुष्यातली जुनीच गोष्ट आहे. त्यात आपण भर घालू नये. फक्त हिंसेच्या तक्रारींच्या नोंदी त्यात घेऊ नका, त्या बायकांच्या विश्वासाच्या आहेत. काम झालं की लेटरहेडवर लिहून द्या, हिने हे काम केलं, ते चालतं, आम्ही वापरतो.

ज्या मुलीचा बायोडाटा मी पाहिला, ती परवा माहेरी आली होती. कडेवर मूल होतं. वर्गाच्या दारात उभं राहून तिने विचारलं, "ताई, आता परत सुरू करता येईल का?" मी तिला प्रमाणपत्राबद्दल काही बोलले नाही. कुठल्या वेळेला येऊ शकशील आणि तेवढा वेळ मूल कोण सांभाळेल, एवढंच विचारलं. पाळणाघराची सोय आमच्याकडे अजून नाही. ती करायची असं आम्ही ठरवलं आहे. तुमच्याकडे असेल तर कशी केलीत, ते जेवणाच्या सुट्टीत मला जरूर सांगा.