लंडनमधील मुक्काम : हॉटेलाची निवड

परगांवीं निघालेल्या माणसाला पूर्वीं घरचीं मंडळी पहिला प्रश्न विचारीत तो असा : "उतरणार कोठें ?" गाडी कोणती आणि भाडें किती, हे प्रश्न मागाहून येत. पंढरपुरास जाणारा आपल्या फडाच्या मठांत उतरे, नाशिकास जाणारा आपल्या उपाध्यायांच्या घरीं उतरे, आणि मुंबईस जाणारा एखाद्या आप्ताच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत अंग टाकी. मग तो आप्त कितीही दूरचा असो. मुक्कामाची जागा म्हणजे ओळखीची जागा, अशी ही समजूत होती. ओळख नसलेल्या शहरांत रात्र काढावयाची म्हणजे माणसाला धास्ती वाटे, आणि ती धास्ती अगदींच निराधार नव्हती. विलायतेंत गेलेल्या मराठी माणसांनाही ओळखीच्या चार घरांची गरज भासलीच. १९३२ सालीं न. चिं. केळकर यांच्या पुढाकारानें लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ निघालें, त्याच्या मुळाशीं हीच गरज होती.

आज महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं युरोपांत आहेत. त्यांना भेटावयास त्यांचे आईबाप साठी उलटल्यावर प्रथमच सातासमुद्रांपलीकडे जातात. मुलाचें वा मुलीचें बिऱ्हाड बहुधा एका खोलीचें असतें. तेथें आणखी दोघांची सोय होत नाहीं. अशा वेळीं जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो : उतरावयाचें कोठें ?

पुण्यांतील एक निवृत्त दांपत्य उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणावें. मुलीचा पदवीदान समारंभ लंडनमध्यें आहे. पांच रात्रींचा मुक्काम आहे. पेन्शनींतून बाजूस टाकलेली रक्कम मोजकी आहे, आणि असा प्रवास पुन्हां घडेल याचा भरंवसा नाहीं. यजमानांचें सारें लक्ष दरावर. गृहिणीचे गुडघे दुखरे. संगणकाच्या पडद्यावर शेंकडों हॉटेलें दिसतात. प्रत्येकाचें चित्र गोजिरें, प्रत्येकाची चादर पांढरीशुभ्र. निवड करावयाची कशी ?

अशा संभ्रमांत बहुतेक लोक चेन हॉटेलाकडे वळतात. एकाच नांवाखालीं अनेक गांवीं चालणारें, एकाच धाटणीचें हॉटेल तें चेन हॉटेल. या कल्पनेचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेंत बफलो येथें एल्सवर्थ स्टॅटलर यानें १९०८ सालीं हॉटेल काढलें आणि स्वतंत्र स्नानगृहासह खोली दीड डॉलरांत मिळेल, अशी जाहिरात केली. लंडनमध्यें चहागृहांसाठीं प्रसिद्ध असलेल्या जे. लायन्स कंपनीनें १९०९ सालीं स्ट्रँड पॅलेस आणि १९१५ सालीं हजाराहून अधिक खोल्यांचें रीजंट पॅलेस उघडलें. पैकीं दुसरें २००६ सालीं बंद झालें. अमेरिकेंतील केमन्स विल्सन हा गृहस्थ बायकामुलांसह प्रवासास निघाला असतां वाटेंतल्या मुक्कामांच्या जागा त्याला गैरसोयीच्या आढळल्या, आणि मुलांबद्दल जादा आकार द्यावा लागला तो वेगळाच. त्या त्राग्यांतून १९५२ सालीं मेम्फिस येथें पहिलें हॉलिडे इन निघालें. फ्रान्समध्यें १९६७ सालीं लील शहराजवळ पहिलें नोव्होटेल व १९७४ सालीं बोर्दो येथें पहिलें इबिस उघडलें. ब्रिटनमध्यें १९८५ पासून ट्रॅव्हलॉज आणि १९८७ पासून, आज प्रीमियर इन या नांवानें ओळखली जाणारी, अशा दोन मालिका वाढत गेल्या.

या सर्वांनीं प्रवाशाला विकलें काय ? खोली तर कोठेंही मिळते. त्यांनीं विकली ती ओळख. एका गांवीं जशी खाट, जसा नळ आणि जशी सकाळची न्याहारी, तशीच दुसऱ्या गांवीं मिळेल, हें आश्वासन त्या पाटीवरील नांवांत असतें. मठ, उपाध्याय आणि आप्त यांच्याकडून जो विश्वास नात्यानें मिळत असे, तोच येथें पैसे देऊन मिळतो. परंतु विकत घेतलेली ओळख पारखून घ्यावी लागते, हें विसरून चालत नाहीं.

पहिली पारख नांवाचीच. पाटीवरचें नांव आणि इमारतीचा मालक हे पुष्कळदां निरनिराळे असतात. मोठ्या कंपन्या आपलें नांव, नियम व आरक्षणाची यंत्रणा दुसऱ्या व्यावसायिकांना ठराविक मोबदल्यावर वापरावयास देतात. हॉटेल चालवितो तो निराळाच कोणी. त्यामुळें एकाच नांवाच्या दोन हॉटेलांत एक टापटिपीचें तर दुसरें जुनाट, असें होऊं शकतें. म्हणून कंपनीची कीर्ति न पाहतां त्या विशिष्ट इमारतीविषयीं गेल्या चार-सहा महिन्यांत उतरलेल्या लोकांनीं काय लिहिलें आहे, तें वाचावें. नांवापुढचा दुसरा शब्दही नीट पाहावा. इबिस आणि इबिस बजेट या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. हॉलिडे इन आणि हॉलिडे इन एक्स्प्रेस हेंही एक नव्हे. ताऱ्यांवर विसंबणेंही पुरेसें नाहीं. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आदि देशांनीं २००९ सालीं ताऱ्यांची समान पद्धत ठरविली. ब्रिटनमध्यें मात्र तारे घेणें ऐच्छिक आहे. शिवाय तारे मुख्यतः सोयींची मोजदाद करतात. रात्रीं झोंप शांत लागेल कीं नाहीं, तें ताऱ्यांवरून कळत नाहीं.

दुसरी पारख जागेची. नांवांत 'लंडन' असलें म्हणजे हॉटेल लंडनमध्यें असतेंच असें नाहीं. ल्यूटन व स्टॅन्स्टेड हे विमानतळ स्वतःस लंडनचे म्हणवितात, पण शहराच्या मध्यापासून ते पन्नास-साठ किलोमीटर दूर आहेत. त्यांच्या आसपासचीं हॉटेलेंही तेंच नांव मिरवितात. खुद्द शहराची वांटणी रेल्वेच्या भाड्यासाठीं मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या वर्तुळाकार विभागांत केलेली आहे. पहिल्या व दुसऱ्या विभागांत हॉटेल महाग पडतें, चौथ्या-पांचव्यांत स्वस्त. येथेंच पुण्याच्या यजमानांचें मन घोटाळलें.

त्यांनीं बाहेरच्या विभागांतील हॉटेल पसंत केलें. समजा, तेथील दर रात्रीस ९५ पौंड व मध्यवस्तींतील हॉटेलाचा १३५ पौंड. पांच रात्रींत २०० पौंडांची बचत दिसते. यजमानांनीं समाधानानें कागद पुढें केला. गृहिणीनें तो वाचला आणि एवढेंच म्हटलें : "अहो, दर राहूं द्या. त्या स्टेशनावर पायऱ्या किती आहेत, तें आधीं पाहा."

हा प्रश्न लहान दिसला तरी सर्व हिशेबाचें मर्म त्यांत आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालीं सुरू झाली. जगांत तीच सर्वांत जुनी. तिचा जुनेपणा अभिमानाचा खरा, पण जुन्या इमारतींतील जिनेही तिच्याबरोबर आले. रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढतां-उतरतां जातां येईल, अशीं स्टेशनें एकंदरींच्या सुमारें तिसरा हिस्साच आहेत. रसेल स्क्वेअरला लिफ्ट आहे, तरी लिफ्टनंतर फलाटापर्यंत कांहीं पायऱ्या उतराव्याच लागतात. उलट, २०२२ सालीं सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्टेशनांवर ही सोय आहे. हीथ्रो विमानतळापासून पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीट या ठिकाणीं ती थेट नेते. जुन्या पिकॅडिली लाइननें आल्यास अर्ल्स कोर्ट व किंग्ज क्रॉस येथें लिफ्ट आहे. कोणत्या स्टेशनावर कोणती सोय आहे, हें दाखविणारा नकाशा लंडनची वाहतूक-संस्था स्वतःच विनामूल्य देते. हॉटेलाच्या चित्रांपेक्षां तो नकाशा अधिक वेळ पाहण्यासारखा आहे.

आतां बचतीचा हिशेब पुन्हां मांडावा. बाहेरच्या विभागांतून रोज माणशीं ४ पौंड भाडें अधिक पडलें, तर दोघांचे पांच दिवसांचे ४० पौंड होतात. थकव्यामुळें दोनदां टॅक्सी करावी लागली व प्रत्येक वेळीं ३० पौंड पडले, तर आणखी ६० गेले. स्वस्त हॉटेलांत न्याहारी निराळी, माणशीं १२ पौंड, आणि महाग हॉटेलांत ती दरांतच धरलेली असली, तर पांच दिवसांचे १२० पौंड झाले. एकूण २२० पौंड, म्हणजे २०० ची बचत जाऊन उलट २० पौंडांची तूट ! शिवाय जातां-येतां चाळीस-चाळीस मिनिटें अधिक मोडलीं, तर पांच दिवसांत पावणेसात तासांच्या जवळपास वेळ गेला. ब्रिटिश म्यूझियम पाहण्यास पैसे पडत नाहींत, पण वेळ मात्र लागतो. आणि तो वेळ गाडींतच गेलेला असतो. आंकडे प्रत्येकाचे निराळे येतील. परंतु बेरजेंत हीं सर्व कलमें आलींच पाहिजेत.

तिसरी पारख दराच्या अटींची. बहुतेक मालिका एकाच खोलीचे दोन दर सांगतात : पैसे परत न मिळणारा स्वस्त दर, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत रद्द करतां येणारा थोडा महाग दर. व्हिसा हातीं येईपर्यंत दुसराच घ्यावा. फ्रान्स, जर्मनी आदि शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं तर मुक्कामाचा पुरावा अर्जासोबतच जोडावा लागतो. तेथें रद्द करतां येणारें आरक्षण फार उपयोगीं पडतें. कराचीही चौकशी करावी. ब्रिटनमध्यें ग्राहकाला दाखविलेल्या दरांत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. इतर शहरांत मुक्कामाचा निराळा कर असतो : पॅरिसमध्यें तो माणशीं दर रात्रीं व हॉटेलाच्या दर्जाप्रमाणें; ॲमस्टरडॅममध्यें २०२४ पासून खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के; बर्लिनमध्यें २०२५ पासून साडेसात टक्के. पैसे देतांना यंत्र "रुपयांत कीं पौंडांत ?" असें विचारतें. रुपये ओळखीचे म्हणून मन तिकडे धांवतें. परंतु रुपये निवडल्यास विनिमयाचा दर दुकानाकडील यंत्रणा ठरविते आणि तो बहुधा तोट्याचा असतो. पौंडच निवडावे.

चौथी पारख खोलीची. दोन स्वतंत्र खाटा कीं एकच मोठी, हें आरक्षणाच्या वेळींच कळवावें. लंडनमधील कांहीं स्वस्त हॉटेलांत खिडकी नसलेल्या खोल्याही असतात. दर फार कमी दिसला तर तें विचारावें. ज्यांना टबाची कड ओलांडणें कठीण, त्यांनीं पायरी नसलेल्या न्हाणीघराची खोली मागावी. मोठ्या मालिकांकडे अशा खोल्या राखलेल्या असतात, पण त्या थोड्या. आपल्याकडे पाहुणा वाढला तर आणखी एक अंथरूण पडतें. तेथें खोलींत किती माणसें, हें नियमानें ठरलेलें असतें, आणि तो नियम आगीच्या भयानें केलेला आहे. लेकीला एक रात्र आईजवळ झोंपावेंसें वाटलें, तरी तिची नोंद आधीं व्हावयास पाहिजे. ब्रिटनच्या हॉटेलांत चहाची किटली खोलींत बहुधा असते. स्वयंपाक मात्र करूं देत नाहींत. ज्यांना घरचा वरणभात सोडवत नाहीं, त्यांनीं लहान स्वयंपाकघर जोडलेलें अपार्ट-हॉटेल पाहावें.

आणि शेवटीं वेळेची पारख. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारें विमान हीथ्रोला बहुधा सकाळींच पोंचतें; खोली मात्र दुपारीं दोन-तीनपूर्वीं मिळत नाहीं. जागरणानें शिणलेल्या वृद्धांना ते सहा-सात तास फार जड जातात. सामान ठेवून घेतात काय आणि थोडे अधिक पैसे देऊन लौकर खोली मिळते काय, हें पत्रानें विचारून ठेवावें.

कोणी म्हणेल, हीं हॉटेलें म्हणजे सर्वत्र एकच सांचा. त्यांत त्या शहराचा आत्मा कोठें भेटतो? आक्षेप खोटा नाहीं. घरगुती लहान हॉटेलांत मालकीण स्वतः न्याहारी वाढते, दोन शब्द बोलते, आणि त्या ओळखीची गोडी साखळीच्या पाटीला येत नाहीं. परंतु अशीं घरें पुष्कळदां जुन्या अरुंद इमारतींत असतात. लिफ्ट नसते आणि खोली तिसऱ्या मजल्यावर निघते. ज्यांचे पाय तरुण आहेत, त्यांनीं तीं अवश्य पाहावींत. वृद्धांनीं शहराचा आत्मा शहरांत शोधावा आणि रात्रींसाठीं लिफ्ट शोधावी, यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पुण्याच्या दांपत्यानें अखेर एलिझाबेथ लाइनच्या स्टेशनापासून पायीं पांच मिनिटांवरचें, न्याहारीसह, रद्द करतां येणारें हॉटेल ठरविलें. खोली लहान होती, आणि भिंतीवर पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. पण समारंभाच्या दिवशीं सकाळीं गृहिणी न थकतां सभागृहांत पोंचल्या आणि लेकीचें नांव पुकारलें गेलें तेव्हां टाळ्या वाजविण्यास उभ्या राहूं शकल्या. मुक्कामाची जागा चांगली कीं वाईट, याची कसोटी खोलीच्या चार भिंतींत होत नाहीं. ज्या कामासाठीं माणूस इतक्या दूर गेला, तें काम करण्यास त्या जागेनें त्याला ताजेतवानें बाहेर धाडलें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.