पगार एक, अंगे सहा

(भिलाई येथील गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘काटकसर’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी म्हटले, काटकसरीवर काय बोलायचे? ती करायची असते. मग म्हणाले, शिवणावर बोला. हे बरे झाले. तेवढे मला येते.

इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडची माणसे या गावात येत राहिली. मी १९७९ साली लग्न होऊन वर्ध्याहून आले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड व्हायला अजून एकवीस वर्षे होती. क्वार्टर दोन खोल्यांचे. आम्ही दोघे, सासूबाई, शिकायला आलेले धाकटे दीर आणि पुढे दोन मुली. पगार एक आणि कपडे घालायला अंगे सहा. शिवाय गावी शेतीच्या कर्जाचा हप्ता जायचा, तो चुकवून चालत नसे.

माझ्या वडिलांनी लग्नात एक बांगडी कमी केली आणि पायाचे उषा मशीन दिले. सासरी त्यावरून थोडी कुजबुज झाली. पहिल्या दिवाळीनंतर ती थांबली, कारण त्या दिवाळीत घरात एक पैसा शिलाईला गेला नाही. हे मशीन १९३० च्या दशकात कोलकात्यात बनू लागले. गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलत, पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता, हे मला फार आवडते. त्यांनी ते घरात वापरताना पाहिले असणारच.

आता मुद्द्याचे. पैसा मशीनवर वाचत नाही, तो बेतताना वाचतो. टीप कोणालाही मारता येते. कापड जमिनीवर पसरून, खडू हातात घेऊन जी बाई अर्धा तास नुसती बघत बसते, तिचे कापड उरते. आधी पन्हा बघायचा. छत्तीस इंच पन्ह्यात जे दोन मीटरला बसत नाही, ते चव्वेचाळीस इंचात पावणेदोनला बसते. सुती कापड असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कात्री लावायची, नाही तर पहिल्या धुण्यात बाही कोपराकडे चालू लागते. मोठे भाग आधी मांडायचे, बाह्या मधल्या जागेत, आणि कोपऱ्यातल्या तिरक्या तुकड्यांतून गळ्याच्या उरेप पट्ट्या काढायच्या. उरेप पट्टीसाठी वेगळे कापड घेणाऱ्या बाईला माझ्या सासूबाई उधळी म्हणत.

मुली वाढत्या होत्या. त्यांच्या फ्रॉकला मी खाली तीन इंच दुमड ठेवत असे आणि त्याच्यावर दोन आडवे टक घालत असे. बघणाऱ्याला वाटे नक्षी आहे. जून आला की एक टक उसवायचा. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग उठून दिसतो आणि रेघ पडते, तिच्यावर लेस बसवायची. असा एक फ्रॉक तीन वर्षे चाले आणि मग धाकटीकडे जाई. धाकटीची तक्रार आजही आहे की तिला लेसशिवाय फ्रॉक मिळाला नाही. तक्रार खरी आहे.

कापड सुपेल्याच्या रविवार बाजारातून घेत असे, नाही तर रायपूरला पंडरीच्या कापड बाजारातून. कटपीसच्या ढिगात हात घालायचा तर आधी मापे तोंडपाठ हवीत. सहा कळ्यांच्या परकराला दोन मीटर पॉपलीन, पोलक्याला ऐंशी सेंटिमीटर टू बाय टू, उशीच्या अभ्र्याला एवढे, झबल्याला एवढे. मापे पाठ नसली की स्वस्त म्हणून तुकडा घेतला जातो आणि ट्रंकेत पडून राहतो. ती बचत नाही. शेजारच्या तेलुगू काकूंनी मला पट्टू पावडाच्या चुण्या शिकवल्या, मी त्यांना काजे करायला शिकवले. वरच्या मजल्यावरच्या बंगाली बौदी जुन्या साड्यांची कांथा शिवत, आमची गोधडी बघून म्हणाल्या, ही तर आमचीच बहीण!

आज तरुण मुली विचारतात, आता शिवून परवडते का? सगळे परवडत नाही, हे मी स्पष्ट सांगते. मुलांचे तयार टीशर्ट आणि पायजमे ज्या भावात मिळतात, त्या भावात नुसते चांगले कापड येत नाही. तिथे हट्ट करू नका. पण ब्लाउजची शिलाई विचारून बघा, अस्तराचा असेल तर अंगावर काटा येतो. फॉल लावणे, पँटची लांबी कमी करणे, कमरेत सैल करणे, चेन बदलणे ही कामे घरीच करावीत. त्यासाठी फार कौशल्य लागत नाही. नेहमीच्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई, जाड पँटीला सोळा, आठवड्यातून तेलाचे दोन थेंब, एवढे पुरे. सुई बोथट झाली की टाके सुटतात आणि बायका मशीनला दोष देतात.

आता नाटकाच्या कपड्यांबद्दल, कारण त्याच्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

पूर्वी आपल्या उत्सवात मुलांच्या नाटकाचे कपडे भाड्याने येत. प्रत्येक मुलाचे भाडे पालकांनी द्यायचे, अनामत वेगळी. १९९१ साली जिजाऊंच्या कामासाठी एक मुलगी निवडली होती. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. वडील ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. तालमीचे आठ दिवस उरले असताना निरोप आला, मुलीला बरे नाही, दुसरी बघा. मी घरी गेले तर पोरगी अंगणात लंगडी खेळत होती. आई काही बोलली नाही, मीही विचारले नाही. फक्त टेपने तिचे माप घेतले.

त्या रात्री सासूबाईंनी आपली एक जुनी इरकल काढून दिली. पदर विरला होता, काठ शाबूत होते. तिची शिवलेली नऊवारी केली. पद्धत सोपी आहे. आधी सैल सुरवार बेतायची, कमरेला नेफा करून त्यात इलास्टिक घालायचे, पुढे निऱ्या टाचून टीप मारायची, मागे काष्टा वेगळा करून काठ वर येईल असा जोडायचा आणि पदर शेवटी लावायचा. मुलगी दोन मिनिटांत तयार होते आणि रंगमंचावर काही सुटत नाही. साध्या पाचवारी साडीत आठ वर्षांच्या दोन मुलींचे काम होते.

पुढच्या वर्षीपासून भाडे बंद झाले. आम्ही पाचजणी दुपारी बसू लागलो. मावळ्यांचे अंगरखे जुन्या चादरींचे. एकेरी चादरीत लहान मुलांचे दोन निघतात. बटणे लावायची नाहीत, बंद लावायचे, म्हणजे बारीक आणि जाड दोघांना चालते. शिवणीत दीड इंच माया सोडायची. मुंडासे डोक्यावर बांधू नका; जुन्या टोपीवर गुंडाळून टाके घाला, नाही तर ऐन लढाईत ते डोळ्यांवर येते आणि प्रेक्षक हसतात. खेळ झाला की धुवून, वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायचे. ती इरकल नऊवारी अजून मंडळाच्या पेटीत आहे. आजवर अकरा जिजाऊंनी ती नेसली. काष्टा दोनदा बदलला, काठ तोच आहे.

आम्हा पाचजणींपैकी आता इथे दोघीच आहोत. एक पुण्याला मुलाकडे गेली, एक बंगळुरूला, एक देवाघरी. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, सुईत दोरा नातू ओवून देतो. गेल्या वर्षी समितीत पुन्हा भाड्याचा विषय निघाला. ऑनलाइन मागवू, म्हणाले. मागवा, पण त्याचे पैसे पालकांकडून घेणार असाल तर माझा विरोध आहे, आणि तो मी बैठकीतही नोंदवला आहे. आजही आपल्या तालमीला येणाऱ्या मुलांत रोजंदारीवाल्यांची मुले आहेत, आणि त्यांच्यातलीही कोणी ‘बरे नाही’ म्हणून घरी बसेल.

यंदा सोळा मावळे आहेत. अंगरखे नऊ तयार आहेत. मशीन सभागृहामागच्या खोलीत ठेवले आहे, उद्यापासून दुपारी तीन ते पाच मी तिथे आहे. शिवता येत नसले तरी या, बंद उलटवायला आणि इस्त्री करायला माणसे लागतात. पुरुषांनीही यायला हरकत नाही, प्लांटमध्ये फिटरचे काम केलेल्यांची टीप सरळ येते, असा माझा अनुभव आहे. येताना जुनी चादर आणा. फाटकी चालेल, फुलाफुलांची नको.