टपालाची वर्गवारी आणि आपण



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ईमेलने आलेली पत्रे निरनिराळ्या खणांत लावायची, यात व्याख्यान देण्यासारखे ते काय? आम्हीही असेच म्हणत होतो. परंतु गेल्या वर्षी आमच्या पुतण्याला नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले आणि यंत्राने ते परस्पर नकोशा टपालाच्या खणात, म्हणजे 'स्पॅम'मध्ये, टाकून दिले. पत्र सापडले तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस लोटले होते. तेव्हापासून हा विषय आम्हाला क्षुल्लक वाटेनासा झाला.

टपाल लावण्याची विद्या आपल्याला नवी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवीही होते. त्या सहा आकड्यांवरून पत्राची वाट ठरते. पाकीट फोडावे लागत नाही. आत आनंदाची वार्ता आहे की दुःखाची, याच्याशी लावणाऱ्याला कर्तव्य नसते.

ईमेलचे तसे नाही. येथे पत्र आपल्या दारी येऊन पोचलेलेच असते. पुढचा खण ठरवायचा तर मजकुरात डोकावावे लागते. याच्या दोन रीती आहेत.

पहिली नियमांची. 'वीजबिल' हा शब्द दिसला की पत्र बिलांच्या खणात टाक, असे आपण सांगून ठेवतो आणि यंत्र निमूटपणे तसे करते. पण त्याला शब्द दिसतो, हेतू दिसत नाही. 'लग्न' या शब्दावर नियम बांधला, तर भाचीच्या लग्नाचे आमंत्रण आणि शालूंच्या दुकानाची जाहिरात मांडीला मांडी लावून बसतात!

दुसरी रीत अनुभवाची. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आल्यावर जुना अंदाज किती बदलावा, याचे गणित त्यातून पुढे वाढले. ते टपालाला लावण्याचे प्रयत्न १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. २००२ साली पॉल ग्रॅहॅम यांच्या लेखाने ते लोकप्रिय केले. हव्या आणि नकोशा पत्रांचे दोन ढीग यंत्रापुढे ठेवायचे. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो, हे ते मोजते. 'बक्षीस' एकीकडे वारंवार, 'काकू' दुसरीकडे. नवे पत्र आले की त्यातल्या ठळक शब्दांचा कौल घेऊन ते निर्णय देते.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. ग्रॅहॅम यांनी हव्या पत्रांतील शब्दांची मोजणी दुप्पट धरली. का? चार जाहिराती घरात शिरल्या तर फार तर आपण वैतागतो. पण खरे पत्र हरवले तर एखाद्याची नोकरी जाते. दोन्ही चुका सारख्या नव्हेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते माणसाने शिकवावे लागते.

मग आपण काय करावे? नकोशा टपालाचा खण आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहावा. जीमेलमध्ये तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात, हे ध्यानात असू द्यावे. चुकून तेथे गेलेले पत्र नुसते वाचून सोडू नये. 'हे स्पॅम नव्हे' असे यंत्राला सांगावे, कारण ते त्यावरूनच शिकते. आमच्या घरी दर रविवारी सकाळी चहा झाला की पुतण्या हे काम करतो. मागच्या महिन्यात त्याला तेथे आणखी एका मुलाखतीचे पत्र मिळाले, आणि या वेळी तारीख उलटलेली नव्हती.