‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही

(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गावसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.)



आज दाव्यांचा विषय नाही, मोजणीचाही नाही. पोलीस ठाण्यात टेबलासमोर उभं राहिल्यावर काय बोलायचं आणि काय घेतल्याशिवाय परत यायचं नाही, एवढंच आज बोलू.

आपला जिल्हा हद्दींचा जिल्हा आहे. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, वरच्या बाजूला नर्मदा. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर तर राज्याची सीमा फलाटावरूनच जाते. एकाच बाकावर एक माणूस महाराष्ट्रात बसतो, दुसरा गुजरातेत. आपली सोयरीक पलीकडे, खेतियाचा बाजार पलीकडे, मजुरी पलीकडे. दिवाळी झाली की कोयते बांधून जोड्याच्या जोड्या बारडोली-सुरतेकडच्या उसात जातात.

मग काय होतं? मारहाण तिकडे होते. बाईवर हात टाकला जातो तिकडे. उचल फिटली नाही म्हणून मुकादम डांबून ठेवतो तिकडे. माणूस कसाबसा जीव घेऊन घरी येतो, इथल्या ठाण्यात जातो, आणि ठाणे अंमलदार सांगतो, “आमच्या हद्दीत येत नाही. जिथं झालं तिथं जा.” तिथं जायचं कसं? भाड्याला पैसे नाहीत, भाषा वेगळी, आणि तिथल्या ठाण्यात ओळख कोणाची? मुकादमाची. शेवटी माणूस गप्प बसतो. आपल्याकडे राज्यं तर सोडाच, एका तालुक्यातल्या दोन ठाण्यांमध्येही माणसाला असंच फिरवतात. नाल्याच्या अलीकडे हे ठाणं, पलीकडे ते ठाणं.

तर पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या. हद्द ही पोलिसांनी कामाची केलेली वाटणी आहे. कुठल्या ठाण्याने तपास करायचा, एवढंच हद्दीवरून ठरतं. फिर्याद घ्यायची की नाही, हे हद्दीवरून ठरत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७३ पाठ करा. जुन्या कायद्यात हे कलम १५४ होतं. त्यात आता सरळ लिहिलंय की दखलपात्र गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो, त्याची खबर ठाण्यात देता येते. तोंडी सांगितली तर पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. मोबाइलवरून पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि फिर्यादीची नक्कल फुकट द्यायची. अत्याचाराची फिर्याद असेल तर ती बाई अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची.

दुसऱ्या हद्दीतला गुन्हा असला की पोलीस तो शून्य क्रमांकाने नोंदवतात. म्हणजे आपल्या ठाण्याचा चालू नंबर न देता शून्य नंबर टाकतात, आणि कागद ज्याची हद्द आहे त्या ठाण्याकडे वर्ग करतात. तिथं त्याला पक्का नंबर पडतो आणि तपास सुरू होतो. कागद पोचवणं हे पोलिसांचं काम. आपण घेऊन फिरायचं नाही.

ही काही नवी मेहेरबानी नाही. आंध्रातल्या एका खुनाच्या खटल्यात १९९३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हद्दीचं कारण सांगून फिर्याद नाकारणं म्हणजे पोलिसाने कर्तव्यात केलेली कसूर. त्याने ती लिहून घेऊन हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायला हवी होती. दिल्लीच्या बस प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, आणि मे २०१३ मध्ये केंद्राच्या गृह खात्याने सगळ्या राज्यांना शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला लेखी कळवलं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. पोलिसाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मग २०२४ च्या कायद्याने ते कलमातच लिहिलं.

एवढी घाई कशाला, असं कोणी विचारेल. कारण पुरावा थांबत नाही. अंगावरचे वळ जातात, कपडे धुतले जातात, साक्षीदार पुढच्या फडावर जातात. २०२२ साली आपल्याच धडगाव तालुक्यात एका बापाने मेलेल्या लेकीचा देह मिठात पुरून ठेवला. घरच्यांचं म्हणणं होतं की तिच्यावर अत्याचार झाला, हा घातपात आहे, आणि पहिल्या शवविच्छेदनात ते नीट तपासलं गेलं नाही. दीड महिना त्यांनी तो देह जपला, तेव्हा कुठे तो दुसऱ्या शवविच्छेदनासाठी मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेला. त्या प्रकरणात खरं काय, ते आपण इथं ठरवायचं नाही. पण आपल्या माणसाला पुरावा टिकवायला मीठ विकत आणावं लागतं, ही गोष्ट डोक्यात राहू द्या. पुरावा जपायचं काम सरकारचं आहे, आणि ते सुरू होतं फिर्याद नोंदवल्यावर.

आता दुसरी बाजूही सांगतो. शून्य नंबर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. मणिपूरचं उदाहरण घ्या. ४ मे २०२३ ला तिथं आदिवासी बायांची विटंबना झाली. १८ मे ला एका ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदला. तो कागद हद्दीच्या ठाण्यात पोचला २१ जूनला. पुढेही हालचाल नाही. १९ जुलैला व्हिडिओ देशभर पसरला, तेव्हा अटक झाली. म्हणून शून्य नंबर घेतला की दर आठवड्याला विचारायचं, कागद कधी वर्ग केला, जावक क्रमांक काय, तिकडे पक्का नंबर काय पडला. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असंही याच कायद्यात आहे.

आता टेबलावर मिळणारी उत्तरं एकेक करून बघू.

पहिलं उत्तर, “अर्ज देऊन जा.” अर्जावर शिक्का मारून देतात, आपण खूश होऊन घरी येतो. पण अर्ज म्हणजे गुन्हा नोंदला असं नाही. गुन्ह्याला नंबर असतो, साल असतं, कलमं असतात. कागदावर ते दिसत नसेल तर गुन्हा नोंदलेला नाही.

दुसरं उत्तर, “ही एनसी आहे.” एनसी म्हणजे अदखलपात्र. त्यात कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. साधी मारहाण, शिवीगाळ त्यात जाते, हे खरं. पण खून, बलात्कार, विनयभंग, डांबून ठेवणं, घर जाळणं हे दखलपात्र आहे. उचल फिटेपर्यंत माणूस अडकवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. आणि बिगरआदिवासीने चारचौघांत जातीवरून अपमान केला तर तो अॅट्रॉसिटी कायद्याखाली दखलपात्र गुन्हा होतो. मुकादम आपल्यातलाच असेल तर अॅट्रॉसिटी लागत नाही, पण बाकीची कलमं लागतात. हा फरक कार्यकर्त्याला माहीत हवा.

तिसरं उत्तर, “आधी चौकशी करतो.” तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, असं नव्या कायद्यात आहे. पण अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात नाही. त्या कायद्याचं कलम १८-अ सांगतं की गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही.

चौथं उत्तर आपल्या खास ओळखीचं. “जमिनीचा विषय आहे, तहसीलला जा. जंगलाचा आहे, वनखात्यात जा.” बांधाचा वाद असेल तर ते बरोबरच आहे. प्रत्येक भांडण फौजदारी नसतं. पण बिगरआदिवासीने आपल्या जमिनीवरून बेकायदा हुसकावलं, किंवा वनहक्काच्या जमिनीत कसायला अडवलं, तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये तो गुन्हा आहे. २०१६ पासून त्यात वनहक्काचा उल्लेख स्पष्ट आलाय. तेव्हा तहसीलचा अर्ज तहसीलला, आणि गुन्ह्याची फिर्याद ठाण्यात. दोन्ही वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही चालू ठेवायच्या.

एवढं करूनही नाही घेतली तर? भांडायचं नाही, टेबलावर हात आपटायचा नाही. नाहीतर सरकारी कामात अडथळा म्हणून आपल्यावरच गुन्हा पडतो. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी नाकारलं ते लिहून ठेवा. मग तीच हकीकत लेखी, पोस्टाने, नंदुरबारला पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोस्टाची पावती सोन्यासारखी जपा. तिथंही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. अधीक्षकांची पायरी गाळून कोर्टात गेलात तर अर्ज तिथंच अडकतो. वकिलाचा खर्च नको. आदिवासींना आणि सगळ्या बायांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांचा फोन १५१००. तातडीला ११२. अॅट्रॉसिटीसाठी १४५६६.

फिर्याद न घेणाऱ्यालाही कायदा आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये बिगर अनुसूचित अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष. त्यासाठी मात्र खात्याच्या चौकशीची शिफारस लागते, म्हणून धमकी म्हणून हे कलम फेकू नका. शांतपणे सांगा, “सायेब, कलम १७३ आहे, शून्य नंबरने घ्या.” बऱ्याच वेळा एवढ्यानेही काम होतं. कारण समोरच्याला कळतं, याला माहीत आहे.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. गुन्हा नोंदला म्हणजे समोरचा गुन्हेगार ठरला असं नाही. तपास आहे, कोर्ट आहे. म्हणून जे घडलं तेच सांगायचं, तिखटमीठ लावायचं नाही. एका खोट्या फिर्यादीमुळे पुढच्या दहा खऱ्या फिर्यादींकडे संशयाने बघतात.

आता काम. टोळ्या उसात जाण्याआधी प्रत्येक पाड्यात एक वही करा. कोण गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा फोन, उचल किती, हे सगळं लिहा. काही घडलं तर फिर्यादीला लागणारी अर्धी माहिती त्या वहीत असेल. प्रत्येक गावातून एक बाई आणि एक गडी असे दोघे तयार करा, जे माणसाबरोबर ठाण्यात जातील. एकट्याला पाठवू नका. आणि ठाण्यातून निघताना नंबर आणि नक्कल हातात असल्याशिवाय पायरी उतरू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली दोन नावं आणि वही घेऊन यायचं आहे.

जिंदाबाद!