सिद्धार्थ, मिलिंद आणि आपला विहार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला 'शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय फार मोठा आहे. मी फक्त दोन कॉलेजांविषयी बोलणार आहे.

८ जुलै १९४५ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती. लष्करी बराकींत वर्ग भरत. पण वर्ग सकाळी ठेवले. का? तर दिवसा नोकरी केल्याशिवाय ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्यालाही पदवी घेता यावी म्हणून. पुढे १९५३ ला वाणिज्य आणि १९५६ ला विधी महाविद्यालय निघाले. दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी होती.

माझे वडील तिथलेच विद्यार्थी. सकाळी वर्ग, मग कचेरीत शिपायाची नोकरी. ते म्हणायचे, "बाबा रे, कॉलेजने माझी नोकरी सोडवली नाही, म्हणून नोकरीने माझं कॉलेज सोडवलं नाही."

दुसरे कॉलेज औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. तिथे १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. मराठवाडा विद्यापीठ झाले ते १९५८ ला, म्हणजे नंतर! खेड्यापाड्यांतली मुले राहणार कुठे, म्हणून वसतिगृहेही आली. कॉलेजला नाव मिळाले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना बेधडक प्रश्न विचारले आणि उत्तर पटल्यावर ते मोकळ्या मनाने मानले. शिकणारा माणूस असा असावा.

बंधू-भगिनींनो, या दोन्ही कॉलेजांनी आधी विद्यार्थ्याची अडचण पाहिली आणि मग वेळापत्रक केले. आता आपले काय?

गेल्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत एक मुलगी आपल्या विहाराच्या पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करत होती. घरात सहा माणसे आणि खोली एक. आतला हॉल रिकामा, दाराला कुलूप. मी विचारले, "बाळ, किल्ली मागायची ना?" ती म्हणाली, "आजोबा, भीती वाटली." आणि किल्ली होती माझ्याच घरी! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपण जयंतीला वर्गणी काढतो, ती काढावीच. पण आज एवढा ठराव करा: पहाटे पाच ते आठ आणि रात्री आठ ते अकरा हॉल अभ्यासाला उघडा राहील. सकाळची पाळी माझी. रात्री कोण बसणार, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर नाव द्यावे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!