दांतांच्या तारा आणि ऋतुचक्र



वेडेवांकडे दांत तारांनीं सरळ करून घेण्याची रीत आतां आपल्या शहरी घरांत चांगलीच रुळली आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं आईबाप तिला दंतवैद्याकडे नेतात, तारा बसतात, आणि पुढें वर्ष-दोन वर्षें तार आवळून किंवा बदलून घेण्याच्या खेपा चालू राहतात. याच वयांत तिचें ऋतुचक्रहि सुरू होतें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध असेल, हें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एका महिन्यांत तार आवळल्यावर मुलगी निमूटपणें जेवते. पुढच्या महिन्यांत तिला पोळीचा घांसहि चावत नाहीं. मग घरांतील वडील माणसें म्हणतात, "मागल्या खेपेस तर कांहीं झालें नव्हतें; आतांच एवढें नाजुकपण कशाला?" या प्रश्नाचें उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहें.

दांत हा हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचें मूळ व जबड्याचें हाड यांच्यामध्यें सूक्ष्म तंतूंची एक पातळ गादी असते. तारेच्या दाबानें ही गादी एका बाजूस चेपते, तेथील रक्तप्रवाह मंदावतो, आणि दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें तयार होतात. प्रोस्टाग्लँडिन हें त्यांतील एक प्रमुख द्रव्य. याच द्रव्यांच्या योगानें त्या बाजूचें हाड विरघळतें व दांत सरकतो. म्हणजे जी क्रिया दांत हलविते, तीच दुःखहि देते. तार आवळल्यावर कांहीं तासांनीं ठणका लागतो, सुमारें २४ तासांनीं तो शिगेस पोंचतो, आणि बहुधा पांच ते सात दिवसांत ओसरतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. पाळीच्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरांतहि प्रोस्टाग्लँडिन वाढतें, स्नायु आकुंचन पावतात, आणि ओटीपोटांत कळा येतात. तेथील द्रव्य दांतांपर्यंत पोंचतें, असा याचा अर्थ नव्हे. दोन्ही ठिकाणच्या वेदनांची जात एक, एवढाच आहे. ऋतुचक्राच्या पूर्वार्धांत ईस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी चढते, उत्तरार्धांत प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो, आणि पाळीपूर्वीं दोन्ही झपाट्यानें उतरतात. ईस्ट्रोजेन हाडाची झीज आवरून धरतें, आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरहि त्याचा परिणाम होतो. शिवाय पाळीच्या आधींच्या दिवसांत कित्येकींच्या हिरड्या हुळहुळ्या होतात व झोप मोडते. अशा वेळीं तोच दाब अधिक जाणवला तर त्यांत नवल नाहीं. मात्र हा नियम सर्वांस सारखा लागू नाहीं. कांहींना उत्तरार्धांत अधिक दुखतें, तर कांहींना फरकच जाणवत नाहीं.

म्हणूनच घरच्या घरीं एक साधी नोंद ठेवावी. दिनदर्शिकेवर पाळीचा पहिला दिवस व तार आवळल्याचा दिवस लिहावा, आणि पुढील तीन दिवस दुखण्यास शून्य ते दहांपैकीं गुण द्यावे. चार-पांच खेपांनंतर मेळ दिसला, तर पुढची तारीख चार-सहा दिवस पुढेंमागें करण्याविषयीं दंतवैद्यास विचारावें. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी अनियमित असते. तेव्हां हिशेब न जुळल्यास निराश होऊं नये. तारीख बदलावी, पण खेप चुकवूं नये. त्या दिवसांत मऊ खिचडी किंवा ताकभात द्यावा.

औषधाविषयीं एक सूचना. अ‍ॅस्पिरिनच्या जातीचीं औषधें प्रोस्टाग्लँडिन तयार होऊं देत नाहींत, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक आम्ल हीं त्याच कुळांतील. त्यांनीं ठणका थांबतो. परंतु तीं दीर्घकाळ घेतल्यास दांत सरकण्याची क्रियाहि मंदावूं शकते. म्हणून पुष्कळ दंतवैद्य पॅरासिटॅमॉल पसंत करतात. मुलगी पाळीच्या कळांसाठीं गोळी घेत असेल, तर तें दंतवैद्यास अवश्य सांगावें. आणि दुखणें आठवड्याहून लांबलें, किंवा तार गालांत रुतूं लागली, तर पाळीवर हवाला न ठेवतां त्यांस दाखवावें.

पण हें सांगावयाचें कोणी? बाहेर बसण्याची चाल पुष्कळ घरांतून गेली, तरी या विषयाचा संकोच अद्याप गेलेला नाहीं. वडिलांबरोबर दवाखान्यांत गेलेली मुलगी तेथें पाळीचा उच्चार करणार नाहीं. ती मुकाट्यानें सोसते, नाहीं तर एके दिवशीं "तारा काढून टाका" म्हणून हटून बसते, आणि अर्धवट सरकलेले दांत पुन्हां मागें फिरूं लागतात. तेव्हां हा शब्द प्रथम आईनें उच्चारावा, आणि वडिलांनींहि तो सहजपणें ऐकावा. मुलगी "आज फार दुखतें" असें म्हणाली, तर मागच्या महिन्याचा दाखला देण्यापूर्वीं एकदां दिनदर्शिका पाहावी.