अमृतवाहिनीचे ऋण



रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासे असा प्रवास करीत प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. लोक तिला श्रद्धेने अमृतवाहिनी म्हणतात. इ. स. 1290 मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ती याच नदीच्या सान्निध्यात. अशा नदीत काठच्या नगरांचे सांडपाणी उतरू लागते, तेव्हा तो केवळ नगरपालिकेच्या एका खात्याचा प्रश्न राहत नाही; तो समाजाच्या आचरणाचा प्रश्न होतो.

प्रश्नाचा आकार साध्या हिशेबाने कळतो. 2011 च्या जनगणनेत संगमनेर नगराची लोकसंख्या सुमारे 65 हजार होती. भुयारी गटार असलेल्या नगरासाठी माणशी रोज 135 लिटर पाण्याचे प्रमाण धरतात आणि त्यातील सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. म्हणजे एवढ्या वस्तीचे रोजचे सांडपाणी 70 लाख लिटरांच्या घरात जाते. ते कोणा कारखान्याचे नव्हे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालयाचे, म्हणजे प्रत्येक घराचे आहे.

वाहती नदी थोडी घाण स्वतःच पचवते. पाण्यातील प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव ती खाऊन टाकतात. परंतु प्रवरा आता बारमाही मुक्तपणे वाहत नाही. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, पुढे निळवंडे झाले. धरणाचे पाणी आवर्तनाने सुटते आणि संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या व उजव्या कालव्यांत वळते. दोन आवर्तनांच्या मधल्या उन्हाळ्यात पात्रात प्रवाह क्षीण असतो. अशा वेळी नाल्याचे पाणी डबक्यांत साचते. आवर्तन आले की तेच पुढे ढकलले जाते. कालव्यांवर शेते आहेत, तशा पिण्याच्या पाण्याच्या योजनाही आहेत. वरच्या गावाने नदीत सोडलेले खालच्या गावाच्या घागरीत जाते, हे विसरता येणार नाही.

यावर उपाय सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा. तेथे प्रथम जाळीवर कचरा अडतो, मग वाळू व गाळ खाली बसतो. त्यानंतर टाकीत हवा सोडून सूक्ष्म जीव वाढवले जातात. नदी जे सावकाश करते, ते येथे काही तासांत घडते. वीज दीर्घकाळ गेली की हे जीव मरतात आणि केंद्र केवळ नावाला उरते. म्हणून उद्घाटनापेक्षा वीजबिल, देखभाल आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची तरतूद महत्त्वाची. घरातील शौचकूप भुयारी गटाराला जोडलेच नाहीत, तर कोट्यवधींचे केंद्र सांडपाण्याची वाट पाहत उभे राहते आणि उघडी गटारे नदीकडे वाहतच राहतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. स्नानयोग्य पाण्यात जैविक प्राणवायू मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरे वगळता अन्यत्र केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी 30 ची मर्यादा होती. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती अधिक कडक करून 10 वर आणण्याचा आदेश दिला. म्हणजे शुद्ध केलेले पाणीही तीर्थ नव्हे. कोरड्या पात्रात सोडण्यापेक्षा ते योग्य तपासणीनंतर शेती, उद्याने आणि बांधकाम यांना देणे श्रेयस्कर. अवर्षणप्रवण जिल्ह्यात 70 लाख लिटर पाणी ही ओझ्याऐवजी संपत्ती ठरू शकते.

कायद्याची उणीव नाही. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 पासून आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या नगरांच्या सांडपाण्याचाही विचार केलेला आहे. उणीव आहे ती जागृत नागरिकांच्या पाठपुराव्याची. प्रत्येक कुटुंबाने आपली जोडणी पूर्ण करावी. कार्यकर्त्यांनी प्रभागातील न जोडलेल्या घरांची यादी करावी. केंद्राच्या पाण्याचा तपासणी अहवाल दरमहा नगरपालिकेच्या फलकावर लागावा, असा आग्रह धरावा.

2024 मध्ये या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्यादेवी होळकर 1725 मध्ये याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मल्या. देशभरातील नद्यांना त्यांनी घाट बांधले, ते लोकांनी पाण्यापर्यंत यावे म्हणून. त्यांच्या जिल्ह्यातील घाटावर उभे राहून ओंजळ भरताना हात मागे घ्यावा लागू नये, एवढे तरी या पिढीने करावे.